वाढ

कळमन्याच्या यार्डात मी मापारी.
सकाळी साडेसातला शेड नंबर तीनमध्ये सोयाबीनचे ढीग,
त्यात कोपरापर्यंत हात घालून ओलावा सांगायचा: बारा, चौदा,
कधी बोटांना पटेल तो, कधी लद्धड शेठच्या डोळ्यांना.
(मशीन आहे. कपाटात आहे.)

फुलवंता शेंदरे ट्रकखाली असते.
आधी फडा दिसतो, मग हात, हातात एकच हिरवी बांगडी,
मग ती, कमरेत वाकलेलीच बाहेर येते.
सांडलेलं, तुडवलेलं, टायरच्या खाचेतून खिळ्यानं काढलेलं,
खडे, भुसा, विडीचं थोटूक, आणि त्यात दाणे.
संध्याकाळपर्यंत चार किलो.
पोत्याला हूक मारताना हमाल जरा जास्त ओढतो
आणि मी नेमका तेव्हा वहीत बघतो.
एवढाच आमचा धर्मादाय.

त्या मंगळवारी बोली सुरू व्हायच्या आत
शेठच्या फोनवर कुणीतरी बोललं
आणि भाव दोनशेनं उतरला.
"पॅराग्वेत पीक जोरदार आहे," शेठ म्हणाले,
पारडीला पाऊस आहे म्हणावं तसं.

फडा थांबला.
"काऊन जी मापारीबाबू, हे पॅराग्वे कुठी येते?
तुमसरच्या तिकडं काय?"
म्हटलं, लांब. आपला दिवस तेव्हा त्यांची रात्र.
"म्हणजे आपुन झोपलो का ते पिकवून राहिले."
चार किलोमागे आठ रुपये गेले.
भरतवाड्यापर्यंतच्या ऑटोचं अर्धं भाडं.
ती चालत गेली.

रात्री मी मोबाइलवर पाहिलं.
नकाशात तो देश अंगठ्याखाली झाकला जाईल एवढा,
त्यालाही आपल्यासारखाच समुद्र नाही.
लिहिलं होतं, अर्थव्यवस्थेची वाढ चांगली.
खाली फोटो: नजर जाईल तिथवर सोयाबीन, मधोमध एक यंत्र,
आणि कडेला, अर्धी कापली गेलेली, पत्र्याची झोपडी,
दारात बाई, तिच्या हातात काहीतरी लांब.
फडा असेल. नसेलही.
मी दोन बोटांनी फोटो ताणला.
बाई मोठी झाली नाही, पुसट झाली.

"तिथल्या बायाइले भेटते का झाडण?"
"यंत्रं सांडत नसतील."
"मंग बाया काय करतात?"
ते कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

वाढ.
लहानपणी हा शब्द मी आईला म्हणायचो, ताट पुढं सरकवून.
ती काही बोलायची नाही,
पातेलं तिरपं करून दाखवायची.

अधिवेशनाच्या आठवड्यात, दुभाजक रंगवून झाल्यावर,
शेड तीनला काँक्रीट आलं, झाडणीचं टेंडर निघालं.
ठेकेदारानं झाडायच्या मशीनपुढं नारळ वाढवला
(फोडला म्हणत नाहीत आपल्याकडे)
आणि आठ बायांतून एक उचलली.
फुलवंताला नारिंगी जाकीट, गमबूट, महिन्याला पगार.
तिनं मला हिशेब करायला लावला.
केला. उत्पन्न वाढलं होतं, खरंच, अकराशेनं.
दाणे आता ठेकेदाराच्या पोत्यात जातात.
बाकी सात जणी गेटबाहेर, रसवंतीच्या सावलीला.
आठांची सरासरी काढायला घेतली होती मी,
पेन्सिलीचं टोक मोडलं, तिथंच सोडली.

सहा वाजता गार्ड तिची पिशवी तपासतो, डबा उघडून बघतो.
ती गेटबाहेर दहा पावलं जाते,
भिंतीला हात टेकून एक बूट काढते,
उलटा करते.
मूठभर. त्याहून कमीच.
"सांडलं जी," म्हणते, कुणाकडंही न बघता,
आणि सातही जणी खाली बसतात.

वही आता संगणकात गेली.
मी पुलाच्या खांबावरचा नंबर वाचत उभा राहतो.